कोपरापासून मनगटापर्यंत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आपल्या खाडी-अभ्यास केंद्रातले माझे वरिष्ठ आणि सहकारी, होडीवाले काका, पुढे जागा असूनही शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले माझे आईबाबा, आणि जिथे फुलं ठेवली आहेत तिथे बसायला अजूनही अवघडलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मॅडम,

मी एका प्रश्नाने सुरुवात करते. त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. ती रेघ बोटांच्या टोकापर्यंत कधी पोचेल?

कुठली रेघ? मॅडमकडे शिकलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे. मॅडम हात असा सरळ वर उभा धरतात आणि म्हणतात, "बोटांची टोकं म्हणजे खाडीचा तळ. तिथून खांद्याकडे जायचं म्हणजे चिखलात खोल उतरायचं. मी इथे आले तेव्हा रेघ कोपराशी होती." मग दुसऱ्या हाताचं बोट मनगटावर ठेवतात. "आता इथे आहे."

त्या रेघेची गोष्ट सांगण्याआधी एका शर्टाची गोष्ट सांगायला हवी.

माझ्या आईबाबांचं लॉन्ड्रीचं दुकान आहे. आई धुते, बाबा इस्त्री करतात. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि दुपारी गल्ल्यावर बसायचे. एक दिवस एक बाई आल्या. हातात पुरुषाचा पांढरा शर्ट, त्यावर काळाकुट्ट चिखल, आणि वास असा की रांगेतली दोन गिऱ्हाइकं आपणहून बाहेर गेली.

आईने विचारलं, "हा डाग कसला?"

बाई म्हणाल्या, "हा डाग नाही हो. ही शंभर वर्षांपूर्वीची खाडी आहे."

आई म्हणाली, "शंभर वर्षांची असो नाहीतर कालची, परवा संध्याकाळी मिळेल."

झालं असं होतं, की मॅडमनी खाडीच्या तळातून चिखलाची लांब नळी काढून आणली होती. आत हवा शिरली तर नमुना बिघडेल, या धास्तीने त्यांनी तिचं झाकण गच्च आवळलं आणि फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून ती कपाटात ठेवली. बाहेरची हवा आत जाऊ नये याची एवढी काळजी घेतली, की आतल्याला बाहेर यायचं असेल हे लक्षातच राहिलं नाही! खोलीच्या उबेत चिखलातला वायू फुगत गेला. नेमके तेव्हाच तपासणीसाठी एक मोठे साहेब आले, आणि त्यांनीच ते कपाट उघडलं. तो शर्ट ज्यांचा होता ते आज अध्यक्षस्थानी आहेत. सर, शर्ट स्वच्छ निघाला होता, याची आठवण आईने करून द्यायला सांगितली आहे.

शर्ट न्यायला आल्या तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "चिखल कसा बोलतो ते ऐकायचंय? ये एकदा."

मी गेले. नळी उभी होती. मॅडमनी कुठलंही यंत्र लावलं नाही. म्हणाल्या, "आधी कान, मग यंत्र." मी नळीला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. तळातला दाब सुटल्यावर चिखलात मुरलेला वायू बुडबुडे होऊन वर येत होता. आपल्या पायाखाली एवढं काही चाललेलं असतं आणि आपण त्यावरून होडीत बसून गप्पा मारत जातो, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो.

मेलेलं शेवाळ, मासे, नदीने वाहून आणलेली पानं, आपल्या घरांतलं सांडपाणी, सगळं शेवटी तळाशी जाऊन बसतं. वरच्या अगदी पातळ थरात प्राणवायू असतो. त्याच्याखाली तो संपतो, पण जगणं संपत नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव तिथे जे मिळेल त्यावर श्वास घेतात. कुणी नायट्रेटवर, कुणी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट नावाच्या क्षारावर. त्यांच्या उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड निघतो, कुठे नायट्रस ऑक्साइड निघतो. आणखी खाली, जिथे सल्फेटही उरत नाही, तिथे पृथ्वीवरच्या सगळ्यांत जुन्या घराण्यांपैकी एक राहतं. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो, ते त्यांचं विष. ते मिथेन बनवतात. हवेत पोचला तर पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोराने तापवणारा वायू.

मग तो सगळा वर का येत नाही? याचं उत्तर मॅडमकडून ऐकलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले होते. जिथे सल्फेट संपतं आणि मिथेन सुरू होतो, त्या रेघेवर दोन प्रकारचे जीव एकमेकांना चिकटून राहतात. एक मिथेन फोडतो, दुसरा सल्फेट वापरतो. एकट्याला कुणालाच जमत नाही. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "यात काय नवीन? आपलं दुकानही तसंच चालतं." या जोड्या वर येणारा बहुतेक मिथेन अडवून खाऊन टाकतात. कुणी नेमलं नाही, कुणी हार घातला नाही.

पण आपण खाडीत घाण वाढवत गेलो. खालच्यांना खायला जास्त मिळालं, मिथेन वाढला, सल्फेट लवकर संपू लागलं, आणि रेघ कोपरावरून मनगटावर आली. पहारेकऱ्यांना मागे सरायला आता फारशी जागा नाही. आपली खाडी उथळ आहे. एकदा बुडबुडे सुटले तर पाण्यात विरायच्या आत ते हवेत पोचतील. कधी? दर महिन्याला, त्याच जागी, नळी काढत राहिलं तरच कळेल. मॅडमनी उभी हयात हेच केलं. आणि त्यांच्या निवृत्तीनंतर हे मोजमाप बंद होणार, असं ठरलं होतं.

पदवी घेऊन मॅडमच्या हाताखाली काम करत असताना मला पुढच्या संशोधनासाठी मोठ्या शहरातल्या संस्थेत जागा मिळाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिफारस मॅडमचीच. बाबांनी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला इस्त्रीच्या कपड्यांबरोबर ती बातमीही दिली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच.

मी मॅडमना म्हटलं, "मी इथेच राहिले तर?"

"वेडी आहेस का? इथे चिखलाशिवाय आहे काय?"

"मग तुम्ही का राहिलात?"

"मी हट्टी होते. तू हुशार आहेस. जा."

घरी आई म्हणाली, "जन्मभर आम्ही लोकांचा चिखल धुतला, आणि ही शिकूनसवरून तोच अंगाला लावून येणार." बाबांनी हातातला कपडा घडी करून ठेवला. मग म्हणाले, "इस्त्री तापल्यावर कपड्यावर धरून विचार करत बसलं, की कपडा जळतो. ठरवलंयस ना? मग फिरव हात."

मॅडम, तुमचे आभार मानायला शब्द शोधत होते, ते सापडले नाहीत. अध्यक्ष महोदयांचे आभार मानते. शर्टाची गोष्ट विसरून त्यांनी मोजमापासाठी एक तात्पुरती जागा मंजूर केली आणि आजपर्यंत गुपितही सांभाळलं. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून पदरात घ्या.

मॅडम, रागावू नका. मोठ्या शहराला मी नकार कळवला आहे. आज सकाळी ओहोटीला काका आणि मी खाडीत जाऊन आलो. या महिन्याची नळी शेजारच्या खोलीत उभी आहे. झाकण सैल ठेवलंय. अजून कुणी कान लावलेला नाही. पहिला तुम्ही लावा.