पुढच्या एडक्याची भाकरी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा – पाऊस रुसतो आभाळात, मग डोकं शेजाऱ्याचं का फुटतं? करा विचार! पहिल्या रांगेनं नाही केला तरी चालेल, त्यांच्याकडं कूलर आहे.

तर ऐका! करंजखोऱ्यात ठकूबाई नावाची शेतकरीण होती. दर कार्तिक पुनवेला मायाप्पा धनगर कळप घेऊन यायचा. तोवर कापणी उरकलेली. मेंढरं रानात बसायची, रानाला खत मिळायचं, मायाप्पाला धान्य. आणि रीत अशी, की कळपापुढं चालणाऱ्या एडक्याला आधी कुंकू लावायचं, भाकरी भरवायची, मगच कळप आत! जावयाचासुद्धा एवढा मान नसतो हो!

पण वर गडावर होते सरदार! त्यांना लढायांचा भारी नाद. तोफा ओतायला सगळं जंगल भट्टीत घातलं. डोंगर बोडका झाला, हवा तापली, पाऊस लांबला. उरलेल्या झऱ्याला सरदारांनी बांध घातला. का? गुलाबांना तहान लागते! आणि कुरणाला कुंपण घातलं, कारण तिथं ते शिकार करायचे.

मायाप्पा पुनवेलाच आला. पुनव थोडीच लांबते? इकडं ज्वारी अजून उभी!

"मायाप्पा, मागं फीर! पोरांच्या तोंडचा घास आहे हा!"

"कुठं फिरू, बाई? वाटेत कोकरं मेली माझी!"

सरदारांचा जीव कळवळला! त्यांनी शेतकऱ्यांना भाले दिले, धनगरांना तलवारी. केवढी समदृष्टी, मंडळी!

दोन्ही बाजू बांधावर उभ्या. आता रक्त सांडणार – इतक्यात एडका निघाला! भाल्यांमधून थेट ठकूबाईपुढं. मान वर, तोंड उघडं. त्याला कुठं ठाऊक यंदा युद्ध आहे!

ठकूबाईनं सवयीनं भाला खाली टेकवला, पदरातली भाकरी काढली. आणि तिचा हात थबकला.

"मायाप्पा, ह्याच्या बरगड्या दिसतात रे! कुरणात का नाही नेलास?"

"सरदारांचं कुंपण."

"आणि झरा?"

"सरदारांचा बांध."

"तलवार कुणी दिली तुला?"

मायाप्पा तिच्या भाल्याकडं बघत राहिला.

दुपारी सरदार झोपेतून उठतात तो – गुलाबांत मेंढरं! अख्खा गाव बांध फोडतोय, एडका पुढं, कपाळाला कुंकू!

"कुणाच्या हुकमानं?" सरदार ओरडले.

ठकूबाई म्हणाली, "रागावू नका, धनी. खत घालायला आलोय. धान्य नको, पाणी तेवढं द्या!"

हसलात ना? हसा! परवा टँकरपाशी ह्याच गावात दोघींनी एकमेकींना हंडे हाणले. त्या दोघी आत्ता इथंच बसल्यात, शेजारी-शेजारी, पण तोंडं फिरवून. मी बघतोय! टँकर आधी कुणाच्या बंगल्यात रिकामा होतो, ते मात्र कुणीच विचारलं नाही.

बायांनो, उद्या हंडे तेच घ्या. फक्त बंगल्याच्या दारात जाऊन मांडा. मी पुढं चालतो – एडक्याच्या जागी!

कुंकू आणि भाकरी तेवढी तुम्ही बघा. बोला, विठ्ठल विठ्ठल!