मला तर सगळं दिसतंय!

...आणि मी म्हणतो, डोळ्यांच्या डॉक्टरला लघवी कशाला हवी हो? तुम्हीच सांगा! जव्हारला शिबिर होतं, मधुमेहवाल्यांच्या डोळ्यांचं. मी पंचायत समितीत कारकून, साहेब म्हणाले, "बळवंतराव, तुम्हाला साखर आहे, जाऊन या." गेलो बापडा. तर आधी रक्त काढलं आणि मग हातात बाटली! म्हटलं, "डॉक्टर, मी चुकीच्या रांगेत उभा राहिलो का?" तर ते नाशिकचे डॉक्टर, अगदी थंड आवाजात, "काका, रक्तातून तीन महिन्यांची साखर कळते. आणि मूत्रपिंडाच्या नसा नि डोळ्याच्या नसा, दोन्ही सारख्याच नाजूक. तिकडं गळती दिसली की इकडची शंका येते." शंका! अहो, पण मला तर सगळं दिसतंय! तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, भिंतीवरचं 'थुंकू नये' वाचलं, त्याच्याखाली थुंकलेलं होतं तेसुद्धा दाखवलं!

बाटलीत पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बदलला, डॉक्टरांच्या चेहऱ्याचाही. डोळ्यात थेंब घातले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. नाशिकला या, लेसर करू." लेसर? डोळ्यात? "अहो, पण मला तर सगळं दिसतंय!" तर म्हणतात, "दिसतंय तोवरच या."

नाही गेलो. भीती वाटते हो! रक्ताचा रिपोर्ट मागाहून आला, तोही तसलाच. मी आपला एकेक डोळा मिटून एसटीच्या पाट्या वाचतोय, स्टँडवरच्या बायका मला बघून पदर सावरतायत, पण दिसतंय ना? सगळं दिसतंय!

आणि काल सकाळी चहा पितोय, तर भिंतीवर हे एवढं काळं जाळं! "अगं आशालता, जाळं काढ ते." बायको म्हणते, "कुठंय? परवाच तर झाडलंय घर!" "ते काय, कॅलेंडरपाशी!" तिनं केरसुणी मारली, जाळं दारावर. "अगं, पळालं!" ती दाराशी, जाळं छताला... ती स्टुलावर चढली तर जाळं तिच्या नाकावर! "हलू नकोस, तुझ्या नाकावर आहे!" ती केरसुणी धरून तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "अहो, उजवा डोळा झाका बरं." झाकला, जाळं गेलं. उघडला... आलं. पुन्हा झाकला, पुन्हा उघडला... तिथंच!

तिनं पिशवी भरली. आज सकाळी नाशिकची गाडी धरली. आता हिला घाटात गाडी लागते, त्यामुळं लग्न झाल्यापासून खिडकी हिचीच, देव जरी आला तरी उठणार नाही! आणि आज ही बाजूला सरकून म्हणते, "तुम्ही बसा खिडकीशी."

"अगं, तुला उलटी होईल!"

"होऊ दे. तुम्ही बघून घ्या बाहेर."

पट्टीचा रंग बदलला, मी मानलं नाही... रक्ताचा रिपोर्ट आला, मानलं नाही... पण हिनं खिडकी सोडली म्हटल्यावर, अहो, आपलं काही खरं नाही!