गाळलेला ठिपका

ताई : पुन्हा मोज. हिरव्यांत एक ठिपका कमी आहे.

धाकटा : ताई, तू संशोधक आहेस की हेडमास्तरीण? दुपारी पाहुण्यांना हे चित्र दाखवायचंय आणि तू ठिपके मोजत बसलीस!

ताई : एक ठिपका म्हणजे एका माणसाचं रक्त; ज्यांचं रक्त सारखं, त्यांचे ठिपके जवळजवळ. लाल ते रक्ताच्या आजाराचे माझे रुग्ण. हिरवे आपण सगळे, इथे प्रयोगशाळेत काम करणारे धडधाकट लोक. मग एक माणूस गेला कुठे?

धाकटा : गेला नाही, गाळलाय. चाळणी लावलीये मी पहिल्यापासून. जो ठिपका आपल्या घोळक्यापासून लांब पडतो, त्याला सॉफ्टवेअर आपोआप लपवतं. बघ ना, चित्र कसं स्वच्छ दिसतंय!

ताई : मला न विचारता?

धाकटा : तूच म्हणालीस, चित्रात पसारा नको.

ताई : पसारा म्हणजे तुझे ते भडक रंग आणि बारीक अक्षरं. माणसं नव्हेत. काढ ती चाळणी.

धाकटा : काढली बाई. हे घे... अरेच्चा.

ताई : हा हिरवा लालांच्या घोळक्यात काय करतोय?

धाकटा : नळ्यांची अदलाबदल झाली असेल.

ताई : नळ्या मी स्वतः भरते. मागचं वर्ष दाखव.

धाकटा : ही पट्टी मागे सरकवली की... हं. मागच्या वर्षी अधेमधेच आहे. ना इकडचा, ना तिकडचा.

ताई : त्याच्या आधी?

धाकटा : हिरव्यांत. अगदी आत. म्हणजे ताई, हा हळूहळू चालत गेलाय तिकडे.

ताई : नळी चुकली असती तर एकदम उडी मारली असती त्यानं.

धाकटा : कोण आहे गं? माझ्याकडे नुसते क्रमांक, नावं तुझ्याकडे. स्टोअरवाले काका तर नाहीत? हल्ली जिना चढताना फार धापा टाकतात.

ताई : थांब जरा.

(ती शेजारच्या संगणकावर नाव शोधते. मग वळून धाकट्याच्या दंडाकडे बघते.)

धाकटा : काकाच ना?

ताई : तुझ्या दंडावर हे काळंनिळं कशानं झालं?

धाकटा : हे? कुठेतरी लागलं असेल. लक्षात नाही. तू विषय कशाला बदलतेस? ...ताई?

ताई : अजून कुठे आहेत असे डाग?

धाकटा : पायावर आहेत. ताई, तो ठिपका माझा आहे का?

ताई : हो रे, सोन्या.

धाकटा : म्हणजे मी स्वतःलाच गाळत बसलो होतो.

ताई : असं बोलू नकोस. मागच्या वर्षी मी तरी कुठे मोजले? मला फार भीती वाटतेय, पण रडत बसायचं नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचं.

धाकटा : एक मिनिट. पट्टीवरचं वर्ष म्हणजे ज्याच्या त्याच्या पहिल्या नमुन्यापासूनचं; आपलं रक्त तीनच वर्षं घेतलंय, रुग्णांचं पाच. पट्टी पुढे नेऊन बघतो. हे चौथं... हे पाचवं... लाल एवढेच कसे? चाळणी परत लागली की काय?

ताई : चाळणी बंदच आहे.

धाकटा : मग बाकीचे कुठे गेले?

ताई : ऊठ. गाडी मी चालवते.