पांढरी माती

तिओमिनार : साल काय विचारतोस, जोंगी? माझ्या रोतुआच्या थोरलीचा बाप्तिस्मा झाला, ते साल. तूच डुक्कर कापलंस आणि जबड्याचा मान भलत्याच घराला दिलास. ते लोक अजून तुझ्याशी बोलत नाहीत.

जोंगी : बरंच आहे. माझी ताडी वाचते. अक्का, दाजींचं साल विचारलं ते थडग्याच्या दगडावर कोरायला. तुझे दोघे पोरगे खाली होडीपाशी बसलेत. वर यायची छाती होत नाही त्यांची.

तिओमिनार : म्हणून मामाला पुढं केलं.

जोंगी : मामा असतो कशाला? आणि मी दाजींच्या सासरचा माणूस. मी असल्याशिवाय त्यांना पोरांनी बांधलेल्या नव्या थडग्यात बसवणार कोण?

तिओमिनार : सासू-सासऱ्यांना बसवा. टेकडीवर पुरलेत. हाडं काढा, हळदीच्या पाण्यानं धुवा, वाजतगाजत न्या. मी अडवलंय का?

जोंगी : आणि त्यांच्याशेजारचा कोनाडा?

तिओमिनार : रोतुआच्या बाबांची हाडं कुठायत?

जोंगी : अक्का...

तिओमिनार : नाही, सांग ना. त्या थडग्यापायीच तळ्यापलीकडे गेले. म्हणे, आपल्या बेटाचा दगड भुसभुशीत, बापाला कड्याखालच्या काळ्या दगडातच बसवीन. मी म्हटलं, दोन खेपा करा. म्हणाले, दुपारचा वारा सुटायच्या आत एका खेपेतच येतो. त्या गावचे लोक अजून सांगतात, होडी काठ सोडतानाच पाणी कडेशी टेकलं होतं. त्यांनी हाका मारल्या. यांना वाटलं निरोप देतायत. यांनी हात हलवला.

जोंगी : मी दोर सोडत होतो तिथं. आमच्या गावातले होते नव्हते तेवढे दोर एकाला एक बांधले. दोर संपला, तळ काही लागला नाही.

तिओमिनार : ठाऊक आहे. तुझ्या हातांची सालटी निघाली होती, मीच तेल लावत होते. म्हणून तर तुला दार उघडते.

जोंगी : तेव्हाही मी उलोस घेऊन आलो होतो. विधवेच्या डोक्यावर भावानं घालायचं ते वस्त्र. तू म्हणालीस, चुलीत घालीन.

तिओमिनार : आजही घालीन. पाठीमागं दडवून आणलंयस, दिसतंय मला. प्रेत नाही तर विधवा कसली? शेजारीण विचारते, अजून त्यांचं पान वाढतेस? वाढते. कुत्रं खातं. कुणाचं तरी पोट भरतं.

जोंगी : तू डोकं झाकून घेत नाहीस तोवर दाजी मेलेले नाहीत. आणि जो मेला नाही त्याला थडग्यात जागा नाही. पोरांचा बाप ना घरात, ना आईबापांपाशी. उद्या थडगं बंद होईल, अक्का. मग तुझी नातवंडं म्हातारी होईस्तोवर उघडायचं नाही.

तिओमिनार : मग काय, तिथं खोटं गाठोडं ठेवू?

जोंगी : हाड नसलं तर मेल्या जागची माती चालते. लढाईत गेलेल्या भावासाठी तुझ्या सासऱ्यांनी हेच केलं होतं.

तिओमिनार : लढाईची जागा जमिनीवर होती.

जोंगी : हे बघ.

(मांडीवरचं फडकं सोडतो.)

तिओमिनार : टेकडीवरची पांढरी माती. तिच्यात रताळंसुद्धा धरत नाही.

जोंगी : हातात घे. आपलं बेट कसं झालं म्हणून आजोबा सांगायचे?

तिओमिनार : डोंगराच्या पोटात आग भडकली, डोंगर खचला, खड्ड्यात पाणी भरलं. मग खालून कुणीतरी ढुशी दिली आणि तळ्याचा तळच वर आला. त्यावर आपण घरं बांधली. पोरांना झोपवायची गोष्ट.

जोंगी : गोष्ट खरी आहे. आमच्या वरच्या वस्तीत विहीर खणताना हीच माती लागली. तिच्यात माशाचा काटा होता, अक्का, एवढासा. टेकडीवर मासा चढून आला? ही तळ्याच्या बुडाची माती. माझा दोर पोचला नाही तिथली. दाजी ज्या गाळावर निजलेत, त्याचाच हा वर आलेला पदर. आपण भात लावतो, भांडतो, सगळं त्यांच्याच अंथरुणावर.

(तिओमिनार माती मुठीत धरते.)

जोंगी : शिव्या दे हवं तर.

तिओमिनार : गार आहे.

जोंगी : काय?

तिओमिनार : माती. खाली फार गार असेल रे. उन्हाळ्यातसुद्धा पांघरुणाशिवाय डोळा लागायचा नाही त्यांचा.

जोंगी : म्हणून दोन उलोस आणलीत. एक मातीला.

तिओमिनार : आधी ते गुंडाळ. असं नाही. पायांकडे जास्त सोड. पाय उघडे राहिले की कुरकुर करायचे.

जोंगी : झालं.

तिओमिनार : गाठ सैल ठेव.

जोंगी : ठेवली. आता तू डोकं वाकव, अक्का.

तिओमिनार : जड आहे.

जोंगी : आईनं विणलेलं आहे. तू हाकललंस तेव्हापासून माझ्या पेटीत होतं. दगडावर काय कोरायला सांगू पोरांना?

तिओमिनार : त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. आज घेते. हालासन. रोतुआच्या थोरलीच्या बाप्तिस्म्याच्या साली, भातकापणीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, दुपारी, तळ्यात बुडून वारले.