राखेची परात

…नाही, पण परातीत राख पसरली यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! एडिंबरोला शिकून आलेला माणूस मी, एवढा समुद्र ओलांडून परत आलो तो काय कलेक्टर व्हायला? मामा म्हणतच होते, "अरे, साहेब हो, साहेब!" मी म्हटलं, "मामा, पांझरेकाठी आपल्या गावात, लोकल बोर्डाच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात बसणार मी! देश तिथे घडतो!" आता बसलोय. उठता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर उखर्डू. झुलाल आबांचा पोरगा. त्याच्या आधीचा थोरला देवीच्या साथीत गेला, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला. म्हणजे मृत्यूला वाटावं, कचराच आहे, कशाला न्या! पोरगा हुशार हो. नुसत्या खोकल्यावरून सांगेल, रस्त्यानं कोण चाललंय ते. पण पाटीवर 'क' काढ म्हटलं की उलटा! आरशात दिसावा तसा. वाचायला दिलं की घामाघूम. बारा आणि एकवीस त्याला एकच. पहिलीत रुतून बसलेला. हेडमास्तर रतिलाल म्हणाले, "साहेब, छडी घ्या. आपल्याकडं मेंदू पाठीत असतो." आणि झुलाल आबा तर दारातूनच ओरडले, "मास्तर, औंदा पास नही व्हयना तं जिनमा घालसू त्याले!" कापसाच्या जिनमध्ये! त्या धुळीत मोठी माणसं खोकून मरतात, आणि हे एवढंसं पोर!

मी सांगितलं, आबा, थांबा. हा ढ नाही. हा मेंदू हो, मेंदू! दुसरं काही नाही. विलायतेत डॉक्टर सांगतात, अक्षराची ओळख मेंदूच्या एका बाजूला ठरते. ती बाजू कच्ची राहिली की अक्षरं उलटतात. मग डोळ्याला सोडायचं आणि बोटाला धरायचं. बोटानं अक्षर गिरवायचं, तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे ते बोटाच्या वाटेनं मेंदूत शिरतं. विलायतेत वाळू घेतात. मी म्हटलं, चूल काय कमी आहे? परात घेतली, चाळलेली राख पसरली, दुपारच्या सुट्टीत कोंबड्या येतात म्हणून वर टोपली झाकली.

झालं! मंजुळाबाई, म्हणजे उखर्डूची आई, भाकरी घेऊन आल्या, टोपली बघितली, खालची राख बघितली आणि दारातच मटकन बसल्या. "मास्तर… कोनं पाऊल देखी राहिनात तुम्हीन?"

कुणाचं पाऊल! तेव्हा मला आठवलं! अहो, आपल्याकडे माणूस गेलं की राख पसरतात, टोपली झाकतात आणि सकाळी पाहतात, कोणतं पाऊल उमटलं, कुठल्या जन्माला गेला. विलायतेच्या थंडीत पार विसरून गेलो होतो मी! आता त्या माउलीला काय सांगू, बाई, हा मेंदूचा उपाय आहे? सांगितलं. तिनं टोपलीला हात जोडले.

तरी मी सोडलं नाही. भर दुपार, उन्हानं गाव ठार झोपलेलं, कावळासुद्धा नाही, आणि वर्गात मी आणि उखर्डू. म्हटलं, गिरव. गिरवलं त्यानं. उलटंच! मी म्हटलं, "अरे, असं का काढतोस?" तर शांतपणे म्हणतो कसा, "दादा खालतून वाचस ना, मास्तर. त्याले सुल्टं दिसाले जोयजे."

खालतून! परातीखाली शेणानं सारवलेली जमीन, जमिनीखाली… लहान पोरांना आपण जाळत नाही हो, पुरतो. आणि विचार केला तर खरंच, वर उलटं काढलेलं अक्षर खालून सरळच दिसणार! मानेवरून काहीतरी थंड सरकलं, वैशाखात! पण म्हटलं, छे. मेंदू हो, मेंदू! पोरानं आईचं रडणं ऐकलंय, त्याचीच गोष्ट केलीय. मग गोष्टीतूनच उपाय काढावा! केवढा आनंद झाला मला, काय सांगू! मी म्हटलं, "उखर्डू, दादाला म्हणावं वर ये. तुझ्या शेजारी बस. म्हणजे तुला सरळ तेच त्यालाही सरळ!"

पोरानं परातीशी तोंड नेलं, काहीतरी पुटपुटला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उना तो. जरासा सरका ना, मास्तर."

आला म्हणे! मी सरकलो! एडिंबरोचा पदवीधर, सरकलो!

आणि त्या दिवसापासून 'क' सरळ. 'म' सरळ. महिन्याभरात पोरगा धडा वाचायला लागला, बारा वेगळे, एकवीस वेगळे! फक्त त्याच्या डाव्या हाताला तरटावर कुणी पोर बसेना. बसवलं तर रडतं. कारण विचारलं तर म्हणतं, गार लागतं.

परीक्षेला शाळा तपासणारे डिपोटी साहेब आले. उखर्डू घडाघडा वाचून गेला. साहेब खूश! "शाब्बास! कुठली पद्धत?" मी छाती काढून म्हटलं, "मेंदूची, साहेब!" साहेब निघाले, टांग्यात चढले, आणि वळून म्हणतात, "त्या दुसऱ्या मुलाला मात्र समज द्या. सारखा वाकून त्याच्या पाटीत बघत होता." रतिलाल हेडमास्तर माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "साहेबांले ऊन लागनं व्हई." मी लगेच म्हटलं, "हो हो, ऊनच!"

उखर्डू दुसरीत गेला. पलीकडच्या खोलीत, रतिलाल मास्तरांकडे. जिन टळली! झुलाल आबांनी गूळ वाटला. मी परात घासून घरी न्यायला निघालो, तर दारात मंजुळाबाई. डोळे भरलेले, पण हसऱ्या. "मास्तर, धाकला पास व्हयना. थोरला परीक्षाले कोठे बसना व्हता? तो तुम्हनाजोडेच शे. त्यालेबी शिकाडा."

पुण्याचं बोलावणं आलं होतं मला, मोठ्या शाळेचं. नाही म्हणून कळवलं. आईसमोर मेंदूचं व्याख्यान देणार का? रोज दुपारी राख पसरतो, टोपली झाकतो, जरासा सरकून बसतो. थोरल्याचं अक्षर, खोटं कशाला बोलू, धाकट्यापेक्षा सुरेख आहे. आता गणित काढलंय… पण त्यात तोही कच्चाच निघाला हो!