कपाळाला कुंकू लागलेल्या नोटा

मागे ऐकू येतंय ना, मंडळी? माझा आवाज असा, पुस्तकाच्या पानातून आल्यासारखा. नाहीच आला, तर पुढच्यांना विचारा. त्यांनाही नसेल आला तर देवावर सोपवा!

आज कीर्तनाला प्रश्न एकच. एखादी वस्तू जपायची म्हणजे काय करायचं? कुलपात ठेवायची? उत्तर मला नेमकं येत नाही, म्हणून गोष्ट सांगतो.

वाईला पुरुषोत्तम तिकोणे राहायचे. बँकेत रोखपाल. उभा जन्म थुंकी लावून लोकांच्या नोटा हाताळल्या — आणि निवृत्त झाल्यावर छंद कसला? नोटांचाच! पण साध्या नव्हेत हं. देशोदेशीच्या, रंगीबेरंगी, जनावरं-पाखरं छापलेल्या. आपली जुनी दहाची, गेंडा-हत्ती-वाघाची. मादागास्करचा लेमूर. न्यूझीलंडचा पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. त्यातली बहुतेक जनावरं-पाखरं आता जगात मोजकीच उरलेली.

त्या नोटांना हात लावायचा नाही! बायको वेणूताई. त्यांना लांबूनच दाखवायचे, म्हणायचे, "बघून घे. ही सगळी आता जाणार."

दिवाळीनंतर साताऱ्यात नोटांचं मोठं प्रदर्शन होतं, स्पर्धाही होती. तिथे मांडायचं, हे तिकोण्यांचं दहा वर्षांचं स्वप्न. अट एकच, नोट कोरी हवी. डाग पडला की संपलं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. तिकोणे फुलं आणायला गेले, नोटांचा संग्रह टेबलावरच राहिला. आता सांगा, त्या दिवशी घरातला पैसा कुठे जातो? चौरंगावर! परत येऊन बघतात तर काय — गेंड्याच्या कपाळाला हळदीकुंकू. वाघाला हळदीकुंकू. लेमूरला हळदीकुंकू, ही बाई की बुवा, चौकशी नाही! पेंग्विनचं कपाळ कुठे संपतं ते न कळून थोडं चोचीलाही.

तिकोणे खालीच बसले. म्हणाले, "वेणू, हे काय केलंस?"

वेणूताई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, ही सगळी जाणार? आपल्या दारातून निघालेल्याला कुंकू लावतात. परत यावं म्हणून."

मंडळी, तिकोण्यांना रागवायचं होतं हो. पण कुंकू न पुसता नोटा परत संग्रहात लावल्या.

साताऱ्याला गेले मात्र. परीक्षकांनी चष्मा वर केला, म्हणाले, डागाळलेल्या आहेत, स्पर्धेत घेता येणार नाहीत. तिकोणे म्हणाले, "डाग नाहीत साहेब, हळदीकुंकू आहे. नुसत्या मांडू द्या." कोपऱ्यातलं टेबल मिळालं.

आणि गर्दी कुठे झाली? कोपऱ्यात! बाकीच्या टेबलांवर लोक विचारत होते, केवढ्याची? इथे विचारत होते, हा कोण? राहतो कुठे? किती उरलेत? एका आजींनी तर चप्पल काढून गेंड्याला नमस्कार केला. तिकोणे दिवसभर बोलत होते. घसा बसला. बक्षीस नाही, पण घरी आले ते हसत. दारातूनच म्हणाले, "वेणू, कुंकवाचा करंडा आण. आज एक नवं हरिण आलंय."

मी पुष्कळ वाचलं, मंडळी, पण जपणं म्हणजे काय, ते या बाईइतकं सोपं कुठे सापडलं नाही. आपल्या माळावर माळढोक पक्षी होता. तो निघाला तेव्हा 'ये रे परत' असं म्हणालो का आपण? पाहिलं तरी का?

आता तुम्ही उठाल. बुक्का लावून घ्या. आणि दारात 'जातो' म्हणू नका. 'येतो' म्हणा — आणि वाटेत जे पाखरू दिसेल, त्यालाही म्हणा, ये.