दह्याने बंद पाडलेले बांगडे

हसू नकोस, पण दह्यामुळे आमच्या मालवणी घरात मासे बंद झाले होते. माझं वजन आणि शुगर दोन्ही वाढलेली. मुलुंडच्या डाएटिशियन बाई म्हणाल्या, "रोज घरचं दही खा. त्यातले चांगले जंतू पोटाला मदत करतात."

आई म्हणाली, "दही आणि मासे? अंगावर पांढरे डाग येतील. मासे बंद!"

पंधरा दिवस दहीभात खाल्ला आणि त्या दुःखात रोज दोन वडापाव. बाई ओरडल्या, "वजन वाढलं कसं?" मी सगळं सांगितलं.

"अहो, दही सकाळी खा, मासे दुपारी. वडापाव बंद करा!"

लगेच आईला फोन लावून हे सांगितलं.

"सुटले रे बाबा! तुझ्यासमोर मी तरी मासे कशी खाणार होते? येताना बांगडे आण."